सोपा कुठला?

"अगो, गोव्याचा इतिहास नको घेऊस, वाचावं लागतं. तो खालचा घे. नुसतं प्रेझेंटेशन, मार्क नक्की."

पणजीची बस, पुढच्या सीटवर कॉलेजच्या दोघी. एकीचा मेजर, म्हणजे मुख्य विषय, केमिस्ट्री. तडा गेलेल्या मोबाईलवर शाखेबाहेरच्या विषयांची यादी, अंगठा झरझर खाली. निवड झाली दोन मिनिटांत.

बस तेव्हा रायबंदरच्या त्या जुन्या पुलावर होती. 1633-34 सालचा, जांभा दगडाचा. बाजूला एकेकाळची मिठागरं. खाऱ्या पाण्याचं मीठ कसं होतं हे केमिस्ट्रीच, आणि ते कोणी पिकवलं, कर कोणी खाल्ला हा इतिहास. दोन्ही खिडकीबाहेर! पण बोलायचं कसं? आगाऊ काकू म्हणाल्या असत्या.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कल्पना चांगलीच आहे. यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीचे 120 क्रेडिट (अभ्यासाचं माप), त्यातले 9 आपल्या शाखेबाहेरचे. सायन्सवाल्याने थोडं साहित्य वाचावं, कॉमर्सवाल्याने पर्यावरण बघावं. पण पोरींना दोष तरी कसा द्यायचा? शेवटी ते मार्कही एसजीपीएतच, म्हणजे सेमिस्टरच्या सरासरीतच धरतात.

तुमच्या घरच्या मुलांनी कुठला विषय घेतला? आवडला म्हणून, की सीट उरली म्हणून?