आमची वाटचाल : वाटणीत आलेलं कपाट

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या वाचनालयाला ‘विज्ञानकथावाले’ म्हणतात. हे नाव आम्ही घेतलेलं नाही. ज्यांनी ते पहिल्यांदा वापरलं त्यांनी हिणवायला वापरलं होतं. त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय आमची वाटचाल लिहिता येत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो की नाव घेणार नाही. जुन्या सभासदांना कळेलच.

मूळ धंदा बाइंडिंगचा. आणीबाणीच्या आधी अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पुस्तकं दाबून धरायचा एक लाकडी शिकंजा, एक बिडाचा शिकंजा, दाभणं, हाडाची पट्टी आणि उधारीवर घेतलेलं कटिंग मशीन एवढ्यावर दुकान मांडलं. कोर्टाची रजिस्टरं, कलाभवन या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांचे प्रोजेक्ट रिपोर्ट आणि दिवाळी उलटली की घरोघरचे दिवाळी अंक. ‘नवल’, ‘धनंजय’ यांचे दोन-तीन वर्षांचे अंक लोक हौसेने एकत्र बांधायला टाकायचे आणि न्यायला यायचेच नाहीत. ते गठ्ठे अण्णांनी फळीवर मांडले आणि आठवड्याला चार आण्याने वाचायला द्यायला सुरुवात केली. मूळ मालक येऊन स्वतःचेच अंक भाड्याने घेऊन गेल्याचंही आमच्याकडे घडलेलं आहे.

खळ अजून आम्ही घरीच शिजवतो. मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद. मोरचूद विसरलात तर कसर आणि झुरळं पुस्तकाचा कणा आधी खातात, मजकुराकडे नंतर वळतात. तयार डबाबंद गम वापरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांची पुस्तकं दोन-तीन वर्षांनी आमच्याकडेच येतात.

बडोद्यात पैसे घेऊन पुस्तक देणं हा तसा उद्धटपणाच. सयाजीराव महाराजांनी 1910 साली बोर्डन नावाचे ग्रंथपाल थेट अमेरिकेहून आणवले, फुकट ग्रंथालयांचं जाळं विणलं, लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेडोपाडी पाठवली. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात कपाटांच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे, खालपर्यंत उजेड पोचावा म्हणून. अशा गावात वर्गणी मागताना अण्णा नजर खाली घालायचे. मी घालत नाही. रात्री आठ वाजता येऊन ‘पुढचा भाग माझ्यासाठी बाजूला ठेवा हं’ असं हक्काने सांगण्याची ती वर्गणी आहे.

आता भागीदार. नव्वदीच्या आसपास वाचनालय वाढलं, भांडवल कमी पडायला लागलं आणि अण्णांच्या ओळखीतले एक गृहस्थ पैसे घेऊन आले. माणूस बोलण्यात गोड. पुण्याच्या पुस्तकबाजारातून, अप्पा बळवंत चौकातून, पार्सल कसं मागवायचं, कमिशन किती ओढायचं, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं, हे मान्य करतो. पण पुस्तक हातात घेतल्यावर ते आधी किंमत बघायचे, मग जाडी. मजकूर बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

दशक संपता संपता घराघरांत केबल आली, सभासद गळायला लागले आणि वाटणीची भाषा सुरू झाली. वाटणी झाली ती अशी. रहस्यकथा, ऐतिहासिक कादंबऱ्या, बायकांची मासिकं, पाकशास्त्र, सगळं त्यांच्याकडे. सभासदांचं रजिस्टरही त्यांच्याकडे, कारण ‘तुमचं अक्षर कुणाला लागत नाही, मी नवीन उतरवून देतो’. ते आजतागायत उतरवून होत आहे. आमच्याकडे जागा, बाइंडिंगचं सामान आणि विज्ञानकथांचं एक कपाट. ‘ही रद्दी तुम्हीच ठेवा, विज्ञानकथा वाचतो कोण?’ हे त्यांचे शब्द. आणि हो, अनामतीही आमच्याकडे. पावत्यांवर सही अण्णांची होती ना.

वाचनालय चालवणाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. अनामत हे सभासदाचं आपल्यावरचं कर्ज असतं. पैसे आपण केव्हाच पुस्तकांत घातलेले असतात. एकेक जण सोडून जातो तोवर जमतं. सगळे एकदम मागायला आले तर बँक बुडते तसं वाचनालय बुडतं. आणि ते सगळे एकदम यावेत याची सोय झाली. आमच्यापासून चार दुकानं पलीकडे नवीन पाटी लागली आणि रजिस्टरातल्या प्रत्येक पत्त्यावर पोस्टकार्ड गेलं: जुनं वाचनालय बंद होत आहे, अनामत परत घ्या, आमच्याकडे पहिला महिना मोफत. ‘बंद होत आहे’ हे आम्हाला पोस्टकार्ड वाचून कळलं.

त्या सोमवारी पायरीपासून पानवाल्यापर्यंत रांग होती. अण्णांनी घरातले पैसे आणले, मग आईकडचे. मी कटिंग मशीनला गिऱ्हाईक शोधायला लागलो. अशात रांगेत सगळ्यात पुढे आमचे रिफायनरीवाले काका उभे. कोयलीच्या रिफायनरीत इंजिनिअर, शिफ्ट संपवून बसने सरळ इथे यायचे, कपाटातलं एकूणएक पुस्तक वाचलेला माणूस. तेच पहिले पैसे मागायला आल्यावर अण्णांनी मानच वर केली नाही. काकांनी अनामत घेतली, नोटा दोनदा मोजल्या, पावती फाडली आणि तेच पैसे टेबलावर ठेवून म्हणाले, ‘ही पुढच्या वर्षांची वर्गणी. अनामत परत मागता येते, वर्गणी नाही. आता तुम्ही मला काही देणं लागत नाही.’ मागचे दोघे-तिघे हे ऐकत होते. त्यांनीही तेच केलं. सगळ्यांनी केलं नाही, उगाच रंगवून सांगत नाही. पण मशीन विकावं लागलं नाही. पुढच्या महिन्यात काकांच्या प्लांटमधले आणखी लोक आले, मग कलाभवनची मुलं. सगळ्यांना हवं होतं ते त्या रद्दीच्या कपाटातलंच.

पलीकडच्या दुकानात आज मोबाइलच्या काचा बदलून मिळतात. मला त्याचा आनंद नाही. फार नाही.

मधली वर्षं बरी गेली. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी 37 फुटांपर्यंत चढली तेव्हा सयाजीगंजातलं तळघरातलं गोदाम गेलं. जुने अंक साध्या कागदाचे, ते पंख्याखाली वाळले. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं मात्र पान पानाला चिकटून ठोकळे झाली. तळघरात पुस्तकं ठेवू नका. ठेवायचीच असली तर गुळगुळीत कागद वरच्या फळीवर ठेवा.

आता लोक काय वाचतात ते. आमच्याकडे पुस्तकाच्या शेवटी अजून कार्ड आणि तारखेचा शिक्का आहे, म्हणून अंदाजाने बोलायची गरज पडत नाही. लिऊ त्सिशिन या चिनी लेखकाच्या ‘थ्री-बॉडी’ला 2015 साली ह्यूगो हे विज्ञानकथेचं पारितोषिक मिळालं तेव्हा आमच्याकडे ते कपाटात पडून होतं, 2024 मध्ये त्यावर मालिका आली आणि कार्ड दोन्ही बाजूंनी भरलं. मुलं परग्रहवासी शोधायला येतात आणि पहिल्याच पानांत चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत जाऊन पडतात. निम्मी तिथूनच परततात. जी टिकतात ती तिन्ही भाग संपवल्याशिवाय सोडत नाहीत.

अँडी वीअरचं गिऱ्हाईक वेगळं. काका आता निवृत्त आहेत, ‘द मार्शियन’ त्यांनी तीनदा नेलं. त्यातला मंगळावर अडकलेला नायक हायड्रॅझीन हे यानाचं इंधन इरिडियमच्या कॅटॅलिस्टवरून सोडून हायड्रोजन काढतो आणि तो जाळून पाणी बनवतो. कॅटॅलिस्टमध्ये, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थांत, जन्म गेलेल्या माणसाला याहून काय हवं? पण सुरुवातीचं वादळ त्यांना मान्य नाही. मंगळावर हवेचा दाब आपल्या एक टक्क्याइतकाही नाही, ती हवा यान काय उलथवणार, असं त्यांनी समासात पेन्सिलने लिहून ठेवलं आहे. खुद्द लेखकानेही ते कबूल केलेलं आहे, हे मी सांगितलं तर म्हणाले, ‘मग दुसऱ्या आवृत्तीत बदलायचं होतं.’ पेन्सिलीचे शेरे आम्ही खोडत नाही. पुढचे वाचक आधी तेच वाचतात.

मार्था वेल्सच्या ‘मर्डरबॉट’ या पुस्तकमालिकेने आमचं गणित बिघडवलं. दीडशे पानांचं पुस्तक, मुलगी संध्याकाळी नेते आणि सकाळी कॉलेजला जाताना आणून देते. महिन्याच्या वर्गणीत किती फेऱ्या! समांथा हार्वेचं ‘ऑर्बिटल’ 2024 चं बुकर मिळाल्यावर खूप जणांनी मागितलं. अंतराळस्थानकाच्या एका दिवसात पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या, आणि घडत काहीच नाही, अशी तक्रार घेऊन बरेच परत आले. मला आवडलं. पण ‘विज्ञानकथा द्या’ म्हणणाऱ्याच्या हातात मी ते पहिल्यांदा देणार नाही.

मराठीत म्हणाल तर नारळीकर. 20 मे 2025 ला ते गेले आणि त्या आठवड्यात ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘यक्षांची देणगी’ यांतलं एकही पुस्तक फळीवर उरलं नाही. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंच्या हातून उतरवून. हा किस्सा मी प्रत्येक नव्या सभासदाला सांगतो. काहींना दोनदा सांगितला आहे. ज्या पोरांना घरी मराठी आणि बाहेर गुजराती-इंग्रजी, ती नारळीकर आजोबांसाठी म्हणून नेतात आणि उशिरा परत करतात. यावरून काय समजायचं ते समजावं.

धंद्यात पडू पाहणाऱ्यांसाठी थोडं. कुणी विचारलेलं नाही, तरी. अनामत पुस्तकाच्या किमतीइतकी घ्या, आणि ओळखीच्याकडून आधी घ्या. सेलोटेप दुकानात ठेवूच नका. ती पिवळी पडते आणि निघताना शाई घेऊन निघते. इंग्रजी जाड पेपरबॅक नुसत्या गमवर असतात. कडेने दाभण मारून शिवलं तर समास खाल्ला जातो. त्यापेक्षा कण्याला करवतीने बारीक खाचा पाडा, दोरा बसवा, वर बकरमचं जाड कापड. परीक्षा घ्यायची तर ‘ड्यून’ घ्या. 1965 चं पुस्तक, शेवटी परिशिष्टं आणि शब्दांची सूची. वाचक दर दोन पानांनी मागे जाऊन शब्द बघतो, त्यामुळे इतर पुस्तकांचं मुखपृष्ठ आधी सुटतं, याची मागची पानं. शेवटची पानं मी आता दुहेरी दोऱ्याने बांधतो. आणि ‘व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली आहे, छापून बांधून द्याल का?’ असं विचारणाऱ्याला चहा पाजा आणि नाही म्हणा. जिवंत लेखकाच्या पुस्तकाची असली बांधणी आमच्या शिकंज्यात होत नाही.

यंदाच्या दिवाळी अंक योजनेची नोंदणी दसऱ्यापासून. ‘थ्री-बॉडी’चा तिसरा भाग अलकापुरीतल्या एका सभासदाकडे उन्हाळ्यापासून आहे. मागे नंबर लावून माणसं थांबली आहेत. कृपया आणून द्यावा. दंड माफ होणार नाही.