वीस बाइटचा बॅकअप

२५ मे

आईच्या रांगोळीच्या वह्यांची साइट मी २००९ साली सुरू केली. चौकडीच्या कागदाच्या सात वह्या, पेन्सिलीने काढलेले ठिपके, वरच्या कोपऱ्यात '१५ ते ८' किंवा '९ ते ५' असा हिशोब. (१५ ते ८ म्हणजे मधल्या ओळीत १५ ठिपके, वर-खाली दर ओळीत एकेक कमी होत शेवटी ८.) पुढे मावशांनी, आईच्या मैत्रिणींनी आणि कुठकुठच्या अनोळखी बायकांनी आपापल्या वह्यांचे फोटो पाठवले. आज फोटोंचंच फोल्डर १९ जीबी आहे. डेटाबेस त्यामानाने चिमुकला, दाबून ११ एमबी. सगळं एका छोट्या भाड्याच्या सर्व्हरवर, अर्थात वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर.

आणि बॅकअप? होता ना. दर रविवारी त्याच सर्व्हरच्या त्याच डिस्कवर एक झिप पडायची. म्हणजे घराची जादा किल्ली घरातल्याच खुंटीला टांगलेली. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काही गिऱ्हाइकांना कळलं की आपला बॅकअपसुद्धा त्याच इमारतीत होता. ती बातमी वाचून मी हळहळले आणि चार वर्षं काहीही केलं नाही. आता करतेय, आणि केलेलं इथे लिहून ठेवतेय.

बेत असा: रात्री डेटाबेसचा डम्प (म्हणजे सगळ्या मजकुराची एका फाइलीतली नक्कल) काढायचा, दाबायचा, कुलूपबंद करायचा (पासवर्डशिवाय वाचता येऊ नये असा) आणि बाहेरच्या क्लाउडवर पाठवायचा. फोटोंचं फोल्डर आठवड्यातून एकदा. माझा हात लागता कामा नये.

वर्डप्रेसला जोडायचं तयार प्लगइन का नाही, हे कुणीतरी विचारणारच. अपड्राफ्टप्लससारखी प्लगइन्स हे काम करतात आणि लहान साइटला पुरतात. पण वर्डप्रेसचं आतलं घड्याळ कुणी साइटवर आलं तरच टिक करतं. आमच्याकडे गर्दी वसुबारस ते भाऊबीज, मग थोडी संक्रांतीला. आषाढात रात्री अडीच वाजता कोण येणार रांगोळी बघायला? शिवाय १९ जीबीची झिप पीएचपीकडून (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) बांधून घेणं म्हणजे पोरासोराच्या डोक्यावर गव्हाचं पोतं. सर्व्हरचं स्वतःचं क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणारं घड्याळ, आहे, ते कुणाची वाट बघत नाही.

१ जून

आधी मेलसोबत फुकट मिळणाऱ्या ड्राइव्हवर प्रयोग केला. १५ जीबीत १९ जीबी मावणार नव्हतेच, पण म्हटलं डेटाबेसपुरता तरी. आठव्या दिवशी परवानगी संपली. पुन्हा दिली, पुन्हा आठव्या दिवशी तेच. चूक माझीच: त्यांच्याकडे माझं ॲप 'चाचणी' अवस्थेत नोंदवून ठेवलं होतं, आणि त्या अवस्थेत परवानगी सातच दिवस टिकते. दुरुस्त करता आलं असतं, पण जागेचा प्रश्न उरतोच. मग बॅकब्लेझ कंपनीच्या बी२ या क्लाउडवर गेले. २०२५ चा तिथला दर: पहिले १० जीबी फुकट, पुढे टेराबाइटला महिना ६ डॉलर. त्या दराने माझ्या वरच्या नऊ जीबीचे होतात महिन्याला पाच-सहा सेंट. कटिंग चहासुद्धा याच्यापेक्षा महाग.

पाठवायला आरक्लोन. ज्यांनी वापरलं नसेल त्यांच्यासाठी एवढंच: जवळजवळ प्रत्येक क्लाउडशी बोलणारी एक कमांड. तिच्यात 'सिंक' आणि 'कॉपी' अशा दोन तऱ्हा आहेत. सिंक म्हणजे इथे पुसलं की तिथेही पुसणार. बॅकअपला मी डोळे झाकून कॉपी घेते. इथे कुणी घुसून सगळे फोटो उडवले आणि रात्री सिंकने इमानेइतबारे तिकडचेही उडवले तर काय घ्या!

८ जून

अख्खा रविवार एका टक्क्याच्या चिन्हाने खाल्ला.

कमांड हाताने चालवली की फाइल तयार. क्रॉनमध्ये घातली की काहीच नाही, लॉगही नाही. फाइलच्या नावात तारीख यावी म्हणून कमांडमध्ये तारखेचा नमुना होता आणि त्यात टक्क्याची चिन्हं. क्रॉनच्या ओळीत टक्का म्हणजे 'इथे ओळ संपली'. माझी कमांड तारखेपाशीच तुटत होती. टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ मारली की चालतं, पण मी सगळं एका स्क्रिप्ट फाइलमध्ये टाकलं आणि क्रॉनला फक्त तिचा पत्ता दिला. तसंच करा, डोकं शांत राहतं.

वेळ लावताना ध्यानात असू द्या, सर्व्हरचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, असतं. मला पहाटेचे अडीच हवे होते, म्हणून क्रॉनमध्ये आदल्या दिवशीचे रात्रीचे नऊ लिहिले.

डम्प काढताना 'सिंगल-ट्रान्झॅक्शन' हा पर्याय द्यायचा, म्हणजे साइट चालू असतानाही एकाच क्षणाचं चित्र मिळतं. फक्त तो इनोडीबी या प्रकारच्या टेबलांनाच लागू पडतो. माझी २००९ ची टेबलं मायआयसॅम या जुन्या प्रकारची निघाली. ती आधी बदलून घेतली.

१५ जून

सलग सात रात्री सात फाइली. सकाळी चहासोबत बकेट (बी२ वरचा माझा कप्पा) उघडून बघायची आणि खूश व्हायचं. आईला दाखवलं. म्हणाली, "म्हणजे माझ्या वह्या आता परदेशात?" म्हटलं हो. "मग परत आणता येतात ना?"

हसण्यावारी नेलं.

१२ जुलै

आज लाज वाटण्याचा दिवस.

एका वाचक बाईंनी चुकून आपलीच नोंद पुसली आणि ती परत आणाल का म्हणून विचारलं. म्हटलं, आणते की, त्यासाठीच तर हे सगळं केलंय! बकेट उघडली. कालची फाइल होती. परवाचीही. नावं बरोबर, तारखा बरोबर. उतरवली, उघडली. आत काहीच नाही. मग आकाराच्या रकान्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं: २० बाइट. त्याच्या आदल्या दिवशी २० बाइट. तशा २२ फाइली.

झालं असं. २० जूनला मी डेटाबेसचा पासवर्ड बदलला, साइटच्या कॉन्फिग (म्हणजे सेटिंगच्या) फाइलमध्ये नवा घातला, स्क्रिप्टमध्ये घालायचा राहिला. त्या रात्रीपासून डम्पची कमांड दारातूनच परत जात होती. पण तिचं आउटपुट मी पाइपने (एका कमांडचं आउटपुट दुसरीत सोडणारी जोडणी) थेट जीझिप या दाबणाऱ्या कमांडला देत होते. जीझिपला कुणी काहीच दिलं नाही तर ते तक्रार करत नाही. 'काहीच नाही' हे नीट दाबून, बांधून, वर शिक्का मारून देतं. त्या रिकाम्या पुडीचं वजन बरोबर २० बाइट. आणि पाइपच्या शेवटची कमांड यशस्वी झाली म्हणून स्क्रिप्टच्या लेखी सगळं आलबेल. आरक्लोनने ती पुडी कुलूपबंद करून सातासमुद्रापार पोचवली. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं. (कुलूप घातलेली फाइल बकेटमध्ये थोडी जड दिसते. मी आरक्लोनमधून बघत होते, म्हणून खरा आकडा दिसला.)

एवढंच समाधान की या खड्ड्यात मोठमोठे पडलेत. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत एकाने चुकून चालू डेटाबेसचंच फोल्डर उडवलं. बॅकअप शोधायला गेले तर बकेट रिकामी. डम्प काढणारं सॉफ्टवेअर डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचं होतं, त्यामुळे ते रोज नापास होत होतं. नापास झाल्याचे मेल जात होते, पण समोरचा मेल सर्व्हर ते बाहेरच्या बाहेर नाकारत होता. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी सगळं लपवाछपवी न करता लिहून काढलं, म्हणून आपल्याला माहीत.

बाईंची नोंद १९ जूनच्या फाइलीतून मिळाली. नशीब की ती त्याच्या आधीची होती.

१३ जुलै

कालची भरपाई. स्क्रिप्टमध्ये वर 'पाइपफेल' लावलं, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड पडली तरी सगळी ओळ नापास. दुसरं, मायएसक्यूएलचा डम्प नीट संपला तर शेवटच्या ओळीत तो 'डम्प कम्प्लीटेड' असं लिहून तारीख टाकतो. दाबलेली फाइल उघडून ती ओळ सापडली तरच पुढे. तिसरं, कालच्या फाइलीच्या निम्म्याहून लहान असेल तर थांब आणि बोंब मार.

चौथं मला सगळ्यात आवडलं. 'बिघडलं तर मेल कर' असं सर्व्हरला सांगण्यात अर्थ नाही, कारण सर्व्हरच मेला तर मेल कोण करणार? म्हणून उलटं. हेल्थचेक्स नावाची सेवा आहे, वीस नोंदींपर्यंत फुकट. स्क्रिप्ट सुखरूप संपली की तिला एक हाक द्यायची. ठरलेल्या वेळेत हाक आली नाही की तीच मला मेल करते. गावाला गेलेलं माणूस पोचल्याचा फोन करतं ना, तसं. फोन नाही आला की आपण चौकशीला लागतो.

२० जुलै

किल्ल्यांचं काम. सर्व्हरवर ठेवलेल्या बी२ च्या किल्लीला फक्त लिहायची आणि बघायची मुभा दिली, पुसायची नाही. सर्व्हर कुणाच्या हाती लागला तरी त्याला जुन्या प्रती थेट पुसता येणार नाहीत. मग जुन्या डम्पांचा ढीग साचेल त्याचं काय? बकेटलाच नियम लावता येतो: ६० दिवसांनी फाइल लपव, पुढच्या दिवशी पुसून टाक. डम्पसाठी एक बकेट, फोटोंसाठी दुसरी, म्हणजे नियमांची गल्लत नाही.

आरक्लोनचं कुलूप ज्या पासवर्डने लागतं, तो त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये असतो. तिथे तो धूसर केलेला असतो, कुलूपबंद नसतो. त्यामुळे ती फाइल जपायची. आणि सर्व्हरबरोबर ती गेली तर क्लाउडवरचे डम्प म्हणजे नुसती गिचमीड. पासवर्ड कागदावर लिहून आईच्या कपाटात एलआयसीच्या पावत्यांच्या पिशवीत ठेवला. त्या पिशवीइतकी सुरक्षित जागा आमच्या घरात दुसरी नाही.

३ ऑगस्ट

शेवटी आईचाच प्रश्न: परत आणता येतात ना?

जुन्या लॅपटॉपवर कोरं लिनक्स टाकलं आणि ठरवलं, चालू सर्व्हर मेला असं समजायचं, त्याला हात लावायचा नाही. डम्प उतरवला, डेटाबेसमध्ये भरला. फोटो उतरायला ४१ मिनिटं लागली. नवं वर्डप्रेस, नवी कॉन्फिग फाइल, पान उघडलं, आणि एकही मराठी अक्षर नाही! ओळीच्या ओळी एकाच नक्षीच्या: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मध्ये चार पाय फुटलेला गोल, कुठे येनचं चिन्ह. रांगोळीच म्हणा.

ज्यांची साइट जुनी आहे त्यांनी इथे थांबून वाचा. २००९ च्या त्या होस्टिंगवर टेबलं लॅटिन-१ मध्ये, म्हणजे फक्त रोमन अक्षरांसाठीच्या पद्धतीत, तयार झाली होती. देवनागरीचे बाइट त्यात तसेच ढकलले जायचे आणि वाचताना तसेच बाहेर यायचे. चोरी साइट आणि डेटाबेस दोघांनाही ठाऊक, म्हणून पंधरा-सोळा वर्षं निभावलं. ते निभावून नेणारी एकच ओळ होती, जुन्या कॉन्फिग फाइलमध्ये. आणि मी बॅकअप घेत होते डेटाबेसचा आणि 'डब्ल्यूपी-कंटेंट' फोल्डरचा. कॉन्फिग फाइल त्या फोल्डरच्या बाहेर असते.

सर्व्हरला हात लावायचा नाही हे व्रत मोडलं, जुनी फाइल आणली, ओळ घातली, अक्षरं परत आली. मग रात्री लॅपटॉपवरच्या प्रतीवर रकाने आधी बायनरी (नुसते बाइट, लिपी नाही) केले आणि मग यूटीएफ-८ एमबी-४ (देवनागरी नीट साठवणारी पद्धत) असे जाहीर केले. थेट एका झटक्यात बदललं तर डेटाबेस त्या बाइटांचं 'भाषांतर' करतो आणि गिचमीडच साठवून ठेवतो. दोन टप्पेच घ्यायचे. आठवडाभर प्रतीवर चाळून बघणार आणि मगच सर्व्हरवर करणार. कॉन्फिग फाइल आता डम्पसोबत रोज जाते, कुलपात.

१० ऑगस्ट

आईला लॅपटॉप दिला आणि म्हटलं, चाळ. पाच मिनिटांत हाक. "काय गं, मोठ्या वहीतली पाडव्याची कुठंय? कासवाची, कमळाची वेल असलेली?"

नोंद होती, चित्र नव्हतं. सर्व्हरवर होतं, बकेटमध्ये नाही. आठवड्याच्या फोटोंच्या कामाला मी हाक लावलीच नव्हती, लॉग उघडला तर त्यात दर रविवारी त्याच ६३ फाइलींच्या नावाने ओरड.

दोष नावातच. मी फाइलींना हौसेने मराठी नावं देते. हिचं होतं 'पंधरा-ते-आठ-मध्ये-कासव-बाजूला-कमळाची-वेल-पाडवा-मोठी-वही'. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. 'मध्ये' दिसायला दोन अक्षरं, मोजायला पाच, साठवायला पंधरा बाइट. ते अख्खं नाव एक्स्टेन्शनसकट भरतं १४९ बाइट. आरक्लोन फाइलीचं नावही कुलूपबंद करतं, त्यात ते फुगतं, म्हणून मूळ नाव साधारण १४३ बाइटच्या आत हवं. इंग्रजीत नावं देणाऱ्याला हा अडथळा जन्मात लागत नाही. आम्हाला सत्तेचाळीस चिन्हांतच भिंत.

नावं छोटी करता आली असती, पण मग नोंदींमधले दुवे तुटतात. थोडा विचार केल्यावर वाटलं, जे फोटो साइटवर जगाला उघडे आहेत त्यांना कुलूप कशाला? फोटोंच्या बकेटचं कुलूपच काढून टाकलं आणि १९ जीबी पुन्हा चढवले. फायदा असा की आता 'आरक्लोन चेक' दोन्हीकडच्या फाइलींचे चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा तपासणीचा आकडा) थेट ताडून बघतं. रात्री चालवलं: फरक शून्य. या कामालाही हाक लावली.

मग लॅपटॉपवर ती रांगोळी उतरवून आईसमोर धरली. तिने चष्मा लावला आणि पेन्सिलीच्या टोकाने पडद्यावर एकेक ओळ मोजली.

"सातव्या ओळीत तेराच ठिपके आहेत. चौदा हवेत."

माळ्यावरून मोठी वही काढली. तिथेही तेराच आहेत.