पुराची बैठक, आजोबा आणि तिथी

पावसाळ्याआधी आमच्या चिपळूणच्या आळीत पुराची बैठक झाली. दोर, टॉर्च, व्हॉट्सॲप ग्रुप, सगळं पोरांनी ठरवलं. म्हाताऱ्यांची नावं एकाच यादीत: 'आधी हलवायचे.' मला ते खटकलं. म्हटलं, पुढच्या बैठकीला त्यांनाही बोलवा.

शेजारचे आजोबा पंचांग घेऊनच आले. इथला पूर नुसत्या पावसाचा नसतो. वाशिष्ठी नदी फुगलेली असताना दाभोळच्या खाडीला भरती आली की पाणी उतरायला वाट नाही. २२ जुलै २०२१ ला पूर आला तेव्हा गुरुपौर्णिमा दोनच दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे, मोठ्या भरतीचे दिवस. "तिथीची पाऊणपट कर," आजोबा म्हणाले. ती भरतीची वेळ: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हिशोब ढोबळ आहे, पण नेटवर्क गेल्यावर चालतो! पोरांनी मोबाइल काढून ताळा करून पाहिला आणि गप्प बसली.

आत्यांचा मुद्दा वेगळाच. "मला उचलून न्याल रे, पण माझं इन्सुलिन? लाइट गेली की फ्रिज बंद." हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आता प्रत्येक घराच्या नावापुढे औषधांचा रकाना आहे, आणि तो भरून घ्यायचं काम आत्यांकडेच दिलंय. त्यांना कुणी खोटं सांगायला धजत नाही.

आजोबा जुलै-ऑगस्टच्या भरतीच्या वेळा फळ्यावर लिहिणार आहेत. खडू मात्र रंगीत हवेत म्हणे.