स्लॅब सेरिफ, अनुस्वार आणि नौपाड्यातला बोर्ड

मी ठाण्यात साइनबोर्ड डिझाइन करतो. नौपाड्यात एक मसाल्याचं जुनं दुकान आहे, तिथल्या काकांना नवा बोर्ड हवा होता पण "जुना वाटला पाहिजे रे, आजोबांच्या वेळचा". कुणीतरी आधीच त्यांना इंग्रजी नाव बोडोनीसारख्या नाजूक फॉन्टमध्ये करून दिलेलं, मोबाइलवर बघायला झकास, पण वागळे इस्टेटमधल्या आमच्या फॅब्रिकेटरने फाइल उघडली आणि म्हणाला, साहेब या केसाएवढ्या रेषा राउटरवर, म्हणजे अक्षरं कापायच्या मशीनवर, तुटणार, आणि आत एलईडी बसवू कुठे?

मग मी स्लॅब सेरिफ काढला. अक्षरांच्या टोकांना जाड, चौकोनी पट्ट्या असतात तोच प्रकार. लंडनमध्ये 1815 च्या सुमारास व्हिन्सेंट फिगिन्सने असला टाइप विकायला काढला, लांबून डोळ्यात भरायला, पोस्टरं-जाहिरातींसाठी. म्हणजे बोर्ड हे त्याचं घरचंच काम. त्यातही रॉकवेल नावाचा फॉन्ट मला इथे कोरडा वाटला, सगळं कंपासपट्टीने आखल्यासारखं. 1845 चा क्लॅरेंडन बघा, पट्टी उभ्या दांड्याला मिळते तिथे छोटीशी गोलाई आहे आणि आर चा पाय शेवटी वर वळतो, त्यानेच तो जुना आणि मायाळू दिसतो. मसाल्याच्या दुकानाला हाच!

खरी मजा मराठीत. 2022 पासून कायद्याने मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान चालत नाहीत, पण नुसती उंची सारखी करून भागत नाही हो, जाड क्लॅरेंडनच्या शेजारी साधी देवनागरी उपाशी दिसते आणि हे मला अजिबात बघवत नाही. देवनागरीला सेरिफ चिकटवायचे नव्हते, तिच्याकडे शिरोरेषा आहेच, म्हणून शिरोरेषेची जाडी इंग्रजी पट्टीएवढी केली आणि 'मसाला भांडार' नव्याने काढलं. जाडी वाढली की म आणि भ च्या गाठी बुजतात, त्या आतून कोरून मोकळ्या केल्या. अनुस्वार गोल न ठेवता बोरूने काढल्यासारखा तिरपा चौकोन ठेवला.

संध्याकाळी खऱ्या मापाचे कागदी प्रिंट शटरवर चिकटवले आणि काकांना समोरच्या फुटपाथवर नेलं. मधून रिक्षा, बाइक, नुसती गर्दी, तरी नाव सरळ वाचता येत होतं. काका बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "मराठी आता आपल्या पायावर उभी आहे." मला फार बरं वाटलं! पाकिटावरही हाच फॉन्ट सगळीकडे टाक म्हणाले, तिथे मात्र मी हटलो नाही, नावाला ठीक, पण घटकांची बारीक यादी एवढ्या जाड अक्षरात काळा ठिपका होऊन बसते, तिला साधाच फॉन्ट दिला.

फॅब्रिकेटरचा एकच प्रश्न उरला होता, अनुस्वाराचा. बाकी शब्द शिरोरेषेने जोडलेला, एका तुकड्यात कापता येतो, हा एकटा सुटा, त्याला वेगळा स्क्रू, वेगळी वायर. लावायचा म्हणजे लावायचा, मी सांगितलं, आणि त्याने लावला.