सेडिया विकायला काढली

शनिवार रात्र, जळगाव

आज माझ्या मित्सुबिशी लान्सर सेडिया गाडीची जाहिरात टाकली एकदाची. फोटो काढण्याआधी डिकीवरचा ‘इव्होल्यूशन’चा बिल्ला हेअर ड्रायरने गरम करून उचकटला (ड्रायर बायकोचा, न विचारता घेतलेला). बिल्ला निघाला, पण अक्षरं जागेवरच. आजूबाजूचा लाल रंग जळगावच्या उन्हाने विटलेला आणि बिल्ल्याखालचा कोरा करकरीत. पॉलिश मारून पाहिलं, तरी वाचता येतंच.

तरीही तो काढायचाच होता. सेडिया आणि इव्हो (म्हणजे लान्सर इव्होल्यूशन, लान्सरचाच तगडा, वेगवान अवतार) सात ते नऊ एकाच पिढीच्या लान्सरवरून आलेल्या. पुढचा बंपर, जाळीवालं बॉनेट, मागचा उंच स्पॉयलर चढवला की लांबून भलेभले फसतात. पण बॉनेट उघडलं की सोंग उतरतं. इव्होचं इंजिन फोर-जी-सिक्स्टी-थ्री, टर्बोवालं, ताकद चारही चाकांना. माझं फोर-जी-नाइन्टी-फोर, तेही दोन लिटरचंच, पण बिनटर्बोचं, ११५ हॉर्सपॉवर, ताकद फक्त पुढच्या चाकांना. तिरुवल्लूरला हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात जोडलेली २००७ची गाडी आहे ही, आणि जाहिरातीत तसंच लिहिलंय. बिल्ले लावून ‘इव्हो’ म्हणून पोरांच्या गळ्यात मारणारे माझ्या डोक्यात जातात.

पहिला फोन भुसावळचा. “भाऊ, कितलाले?” आकडा सांगितला. “आन् ॲव्हरेज?” तेही सांगितलं. फोन कट.

संध्याकाळी नाशिकहून एकाचा आला. हा गडी वेगळा. किमतीचं नाव नाही. इंजिनाचा टायमिंग बेल्ट कधी बदलला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून फेकलाय की ठेवलाय, मूळ सायलेन्सर आहे का, मूळ शॉकॲब्सॉर्बर कुठे आहेत? आहेत म्हटलं, सगळे माळ्यावर आहेत, गोणपाटात गुंडाळून. दर दिवाळीच्या आवराआवरीत घरचे त्या भंगाराच्या नावाने बोटं मोडतात. आज त्याच भंगारामुळे गिऱ्हाईक टिकलं. जुन्या गाडीच्या बाजारात हे असंच चालतं. कॉइलओव्हर (गाडी खाली बसवणारं कडक सस्पेन्शन), हेडर (इंजिनाचा धूर बाहेर नेणारे मोकळे पाइप), फ्री-फ्लो (मोकळा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर), रेसिंगची खोल बकेट सीट यांत घातलेला पैसा किमतीत धरत नाहीत, उलट ‘पोरांनी रगडलेली गाडी’ म्हणून कापतात. मूळ सामान सोबत असलं तर निदान भाव तरी पडत नाही.

त्याला कारण कायद्याचंही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावर सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये दिलेला निकाल बघा. कंपनीच्या मूळ तपशिलाशी आरसीवरची माहिती जुळणार नाही असा बदल चालत नाही. घेणाऱ्याला पुढे पासिंग करायचंय. माझी आरसी २०२२ला पाच वर्षांसाठी नवी झालीय, म्हणजे २०२७ला पुन्हा आरटीओच्या दारात. तेव्हा फ्री-फ्लो सायलेन्सर कानाला लागला तर साहेब माझं नाव नाही विचारणार, त्याचंच विचारणार. त्यामुळे मूळ सायलेन्सर मी गाडी देण्याआधीच बसवणार, त्याने नको म्हटलं तरी. फ्री-फ्लो डिकीत घालून देतो. एमएच-१९ सोडून नाशिकला नोंद करायची म्हणजे गाडी नावावर करायचे फॉर्म २९, ३० आहेतच, वर इथल्या आरटीओच्या एनओसीसाठी २८.

कॉइलओव्हरचं मात्र अडलंय. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना गाडी वळणाला अशी चिकटून राहते की खाली उतरून पुन्हा चढावंसं वाटतं. गावात मात्र प्रत्येक स्पीडब्रेकरवर तिरपी घालावी लागते, आणि मागचा केळीवाला टेम्पो हॉर्नवरचा हात काढत नाही. रावेरचे मामा एकदाच बसले, बकेट सीटमधून दोघांनी ओढून काढावे लागले. वर विचारतात, “हाई गाडी शे का इमान?”

नाशिकवाल्याला कॉइलओव्हर त्याच किमतीत हवेत. मी नाही म्हटलं. हवे असतील तर वेगळे पैसे, नको असतील तर मूळ सस्पेन्शन बसवून देतो, फिटिंगचा खर्च निम्मा-निम्मा. गुरुवारी मिस्त्रीला घेऊन येतो म्हणालाय. येऊ दे. बेल्टचं बिल शोधून ठेवायला हवं.