झोक्याची लय

भुसावळ. अखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, होऊन आज पाचवा दिवस. रात्रीचे साडेअकरा.

दुपारी दोन ते साडेचार मावशीचं रेकॉर्डिंग झालं. पंखा बंद, कूलर बंद, खिडकीवर दोन गोधड्या. बाहेर चव्वेचाळीसचं ऊन आणि आत आम्ही दोघी घामाने निथळतोय. मागच्या खोलीला मी स्टुडिओ म्हणते, पण खरं तर ती आजीची धान्याची खोली. कोपऱ्यांत कापसाच्या जुन्या गाद्या उभ्या केल्या की आवाजाचा घुमारा मरतो. हे मला कुणी शिकवलं नाही, चुकत चुकत कळलं.

मावशीच्या दोन्ही हातांत डझन-डझन बांगड्या. माईक इतका तिखट की ती नुसती मांडी बदलायची तरी कानात काच फुटल्यासारखी व्हायची. म्हटलं, "मावशी, घडीभर बांगड्या काढशील का?"

"आखाजीले भरेल शेतस. कशा काढू वं माय?"

मग माझ्या सुती ओढणीच्या दोन पट्ट्या फाडल्या आणि मनगटापासून वर, जखमेला बांधतात तशा तिच्या बांगड्या घट्ट बांधल्या. ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. म्हणाली, तुझी आई लहानपणी माझ्या वेण्या अशाच आवळायची.

सात गाणी झाली. गौराईची पाच, सासुरवाशिणीची दोन. पहिलं गाणं हेडफोनवर ऐकवलं तर ती दचकलीच. "हाई मन्हाच आवाज शे? म्हातारा वाटस." मला तो म्हातारा वाटला नाही. वरच्या सुराला जाताना तो किंचित चिरतो, आणि नेमका त्या चिरण्यातच माहेर सोडण्याचा सगळा अर्थ आहे. हे तिला सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

संध्याकाळी ती सुरत लाईनच्या गाडीने अमळनेरला परत गेली. मी आवाज साफ करायला बसले आणि सगळं अडलं. गाणं ठोक्यावर बसेना. संगणकावर आखलेल्या रेघांच्या कधी ती पुढे, कधी मागे. दोन तास झटले आणि मशीन बंद करून मणिदाची गाणी लावली. अडले की मी हेच करते.

मणिदा, म्हणजे कोलकात्याचे गौतम चट्टोपाध्याय. त्यांची माझी ओळख एका सिनेमाच्या गाण्यामुळे झाली. २००६ मध्ये 'गँगस्टर' आला तेव्हा मी अकरावीला होते. त्यातलं 'भीगी भीगी' गावभर वाजत होतं, चहाच्या टपरीवर, रिक्षात, प्रत्येकाच्या मोबाइलवर. आमच्या शेजारी रेल्वेतले एक बंगाली काका राहायचे. गाणं ऐकून ते अंगणात आले आणि म्हणाले, ही चाल तर आमच्या मणिदाची! आत जाऊन त्यांनी एक घासलेली कॅसेट आणली आणि मला मूळ गाणं ऐकवलं. १९९५ च्या एका संग्रहातलं. शब्द प्रेमाचे नव्हतेच. जग लहान लहान होत दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या खोक्यात कसं कोंडलं गेलं, त्याबद्दल होते. काकांनी ओळ न् ओळ समजावून सांगितली. त्या वयात मला एवढंच कळलं की गिटार हातात घेऊन आपल्या भाषेत आपल्या काळाबद्दल गाता येतं. पण ते कळणंही माझ्यासाठी फार मोठं होतं.

पुढे मिळेल ते वाचत गेले. मणिदांचा जन्म १९४८ चा. कॉलेजच्या दिवसांत पार्क स्ट्रीटच्या हॉटेलांतून अँग्लो-इंडियन पोरांबरोबर इंग्रजी गाणी वाजवायचे. मग नक्षल चळवळीत ओढले गेले, तुरुंगात गेले. सुटल्यावर बंगालबाहेर राहावं लागलं, तेव्हा औषध कंपनीचे एमआर म्हणून भोपाळ-जबलपूरकडे नोकरी केली. जबलपूर! आमच्या भुसावळवरून अलाहाबादकडे जाणारी गाडी तिथूनच जाते. हे वाचलं तेव्हा उगाचच जवळचं वाटलं.

परत आल्यावर, १९७५ च्या सुमाराला, भाऊ आणि मित्र मिळून सात जणांचा बँड उभा राहिला. मोहिनेर घोडागुली, म्हणजे मोहीनचे घोडे. नाव जीवनानंद दासांच्या कवितेतलं. एकीकडे बाउलांचं, म्हणजे बंगालच्या भटक्या लोकगायकांचं गाणं, दुसरीकडे गिटार, सॅक्सोफोन, व्हायोलिन. १९७७, ७८ आणि ७९ अशी ओळीने तीन वर्षं तीन छोट्या रेकॉर्ड्स आल्या. गाणी हातावर मोजण्याइतकी. लोकांना ती पचली नाहीत. रवींद्रसंगीत आणि सिनेमाची गाणी ऐकणाऱ्या कानांना हा काय प्रकार आहे हेच समजेना. १९८१ पर्यंत घोडे पांगले. मणिदा सिनेमाकडे वळले. त्यांच्या 'नागमती'ला सर्वोत्कृष्ट बंगाली चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

एखाद्याची गोष्ट इथे संपली असती. वयाच्या तिशीत गाणं लोकांपुढे ठेवलं, कुणी उचललं नाही, माणूस दुसऱ्या कामाला लागला. अशी माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. पण मला मणिदांची खरी कारकीर्द त्याच्या पुढेच दिसते.

१९९५ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी एक कॅसेट काढली. तिचं नाव जीवनानंदांच्याच ओळीवरून घेतलेलं, पुन्हा वीस वर्षांनंतर अशा अर्थाचं. तिच्यात जुनी गाणी होती, पण त्यांच्या बरोबरीने नव्या पोरांचीही होती, आणि गायलीही नव्या पोरांनी. वेष्टनावर लिहिलं होतं, मोहिनेर घोडागुली संपादित. संपादित! गाण्यासाठी हा शब्द मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मासिकाचा संपादक जसा दुसऱ्याचं लिखाण वाचतो, निवडतो, लावतो आणि त्यामागे आपलं वजन उभं करतो, तसं. पुढच्या चार वर्षांत असे आणखी तीन संग्रह निघाले. १९९९ च्या जूनमध्ये मणिदा अचानक गेले, जेमतेम एकावन्न वर्षांचे असताना. त्यानंतर बंगालीत बँडची लाटच आली, आणि सत्तरच्या दशकातली न चाललेली ती गाणीही आज तिथल्या पोरांना पाठ आहेत. मला वाटतं, स्वतःच्या गाण्यांसाठी ते झगडत बसले असते तर ती कदाचित तिथेच राहिली असती. त्यांनी दुसऱ्यांच्या गाण्याला जागा करून दिली आणि त्या गर्दीत त्यांचीही गाणी चालत पुढे आली.

मला हे वारंवार आठवतं, कारण माझ्या कपाटात माझी स्वतःची अकरा गाणी पडून आहेत. शब्द माझे, चाल माझी. मैत्रिणी विचारतात, तुझं कधी काढतेस? दर वर्षी वाटतं, आता काढू. आणि दर वर्षी कुणीतरी आजी, कुणीतरी वही, म्हणजे आमच्याकडची लोकगीतं, गाणारे आप्पा भेटतात आणि माझं मागे पडतं. पूर्वी याचा मला त्रास व्हायचा. बहिणाबाईंची गोष्ट मनात असते ना. जात्यावर बसून ओव्या रचणारी आसोद्याची लेक, स्वतःला लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी ऐकून उतरून घेतलं, सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं, त्या गेल्यानंतर. ऐकून उतरून घेणारं कुणी नसतं तर? किती बहिणाबाई अशाच गेल्या असतील आपल्या खानदेशातून.

तीन वर्षांपूर्वीची चूकही लिहिते. एका कंपनीला अहिराणी गाणी हवी होती. मी मावशीच्याच गावातल्या एका आजींचं गाणं दिलं. त्यांनी त्याला डीजेचा ठोका लावला, आजींचा आवाज त्यात कापून-ताणून बसवला आणि गायिकेच्या जागी लिहिलं 'पारंपरिक'. माणसाच्या नावाच्या जागी 'पारंपरिक'! मी सही करताना कागद नीट वाचला नव्हता. आजींना ऐकवलं तर त्या हसल्या, रागावल्या नाहीत. ते हसू मला अजून टोचतं.

आज मात्र मणिदा ऐकता ऐकता डोक्यात काहीतरी लखलखलं. मी मावशीला फोन लावला. दहा वाजून गेले होते, पण ती जागी होती.

"मावशी, हे गाणं तुम्ही झोक्यावर म्हणायच्या ना?"

"मंग? झोकावरच ना वं. खाले बशीसन कोन म्हनस!"

"दोर केवढा असायचा?"

तिने मोजमाप सांगितलं, दोन माणसं उंच. म्हणजे अकरा-बारा फूट. मी अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्र आठवून कागदावर मांडलं. बारा फुटी झोक्याला जाऊन परत यायला पावणेचार सेकंदांच्या थोडं वर लागतात. झोका उंच चढला की आणखी जरासे जास्त. मग मावशीचं तिसरं गाणं घड्याळ लावून पुन्हा ऐकलं. अर्धी ओळ दोन सेकंदांच्या आसपास, पुढची अर्धी तेवढीच. ओळ संपते तिथे बारीकसा थांबा. तो झोका टोकाला पोचून क्षणभर अधांतरी राहतो, तेव्हाचा. अंगणातल्या कडुनिंबाचा झोका जमिनीवर मांडी घालून बसलेल्या त्या बाईच्या अंगात पंचावन्न वर्षांनंतरही हलत होता, आणि मी तिला मशीनच्या ठोक्यावर बसवायला निघाले होते!

सगळ्या रेघा पुसल्या. आवाज आहे तसा ठेवला. तिसऱ्या गाण्यात पट्टीतून सुटून एक बांगडी वाजली आहे, तीही तशीच ठेवली.

वेष्टनावर काय लिहायचं तेही फोनवर विचारून घेतलं. म्हटलं, तुझं नाव टाकणार. ती म्हणाली, पहिली दोन गाणी माझी नाहीत, ती माझ्या सासूची, आणि सासूला बेटावदच्या एका बाईने शिकवली होती. तेही लिहून घेतलं. नावांची माळ जितकी मागे जाईल तितकी लिहायची. शेवटी, अगदी खाली, माझं नाव आणि पुढे 'संपादित'.

पण हे रेकॉर्डिंग मी ठेवणार नाही. रविवारी अमळनेरला जाऊन मावशीच्या अंगणात झोका बांधायचा, तिला त्यावर बसवायचं आणि तिथेच गाऊन घ्यायचं. माईक जमिनीवर रोवला तर आवाज जवळ-लांब होत राहील, म्हणून कॉलर माईक लागेल. वाऱ्यासाठी त्याला लोकरीचं टोपरं शिवायला हवं. मावशी आधी नाही नाही म्हणत होती, या वयात झोका काय, लोक काय म्हणतील. फोन ठेवता ठेवता मात्र बजावलं, दोर सुताचाच आण, नायलॉनचा नको, हात सोलतात.

उद्या बाजार. सुताचा दोर, दुहेरी बांधायचा म्हणून तीस फूट.