तुम्ही विचारलंत म्हणून: बॅकअप होता, तरी तीन दिवस का लागले?

"बॅकअप होता ना? मग तीन दिवस कसले लागले?"

२०११ पासून हा प्रश्न मला किती जणांनी विचारला, मोजलेलं नाही. जुन्या कंपनीतले लोक लग्नात भेटले की जेवणाच्या रांगेत विचारतात. इंटरव्ह्यूत विचारलाय. माझा मेव्हणा दर दिवाळीला विचारतो. आजवर "होतं असं कधी कधी" म्हणून मी विषय बदलत आलो. परवा आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलीने विचारलं, आणि तिला तरी धड उत्तर मिळायला हवं असं वाटलं. म्हणून एकदाच सगळं लिहितो.

कंपनी अंधेरी एमआयडीसीतली, कारखाना नाशिकला. कोण लॉगिन करू शकतो, कोण कुठल्या गटात, कोणाला कुठलं फोल्डर उघडतं, ही सगळी नोंद ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, आणि ती सांभाळणारे तीन सर्व्हर, म्हणजे डीसी (डोमेन कंट्रोलर): दोन अंधेरीत, एक नाशिकला. जुलैतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी त्यातलं 'मुंबई' नावाचं अख्खं ओयू, म्हणजे खाती ठेवायचा डिरेक्टरीतला कप्पा, डिलीट झालं. ६४० माणसांची खाती आणि ४६० कॉम्प्युटर. सगळं पुन्हा सुरळीत व्हायला सोमवारची संध्याकाळ उजाडली.

पहिली चिडचिड इथेच होते. लोक म्हणतात, "अहो, तीन-तीन डीसी होते ना? एक गेला तर दुसरा." यंत्र बिघडलं तर दुसरं यंत्र आहे, हे खरं. पण आमचं यंत्र बिघडलंच नव्हतं. एका डीसीवर झालेला बदल बाकीच्यांनी इमानदारीत उचलायचा, हेच डिरेक्टरीचं काम, आणि डिलीट हाही बदलच. अंधेरीतल्या दुसऱ्या डीसीने तो काही सेकंदांत उचलला. तीन सर्व्हर असले की एकच चूक तीन ठिकाणी होते.

उरला नाशिकचा. दोन साइटमधलं रेप्लिकेशन, म्हणजे एका डीसीवरचे बदल दुसऱ्याने उचलणं, मुळात १८० मिनिटांनी होतं. तसंच ठेवलं असतं तर हातात बहुधा वेळ राहिला असता. पण नवं खातं नाशिकला दिसायला उशीर लागतो अशी तक्रार आली होती, म्हणून वर्षभरापूर्वी मीच ते १५ मिनिटांवर आणलं. त्याहून कमी करताच येत नाही. तेव्हा माझं कौतुकही झालं होतं.

त्या संध्याकाळी सातच्या सुमारास मी घाटकोपरला प्लॅटफॉर्मवर होतो. आमच्या ज्युनिअरचा फोन आला. कंत्राटावरचा पोरगा, लागून वर्ष झालेलं. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती मी 'मुंबई-ओल्ड' मध्ये हलवून ठेवली होती आणि सवडीने ते ओयू काढून टाक असं त्याला आठवड्यापूर्वी सांगितलं होतं. त्याने विचारलं, "सर, काढू का?" फास्ट लोकल फलाटात शिरत होती. मी म्हटलं, "हो, काढ." त्याने नाव उच्चारलं होतं का, आणि असेल तर कुठलं, हे मला सांगता येत नाही. मी ऐकलंच नव्हतं. मला गाडी पकडायची होती.

शुक्रवारची गर्दी, त्यात पाऊस. खिशातला फोन काढायला हातही हलत नव्हता. ठाण्याला उतरलो तेव्हा ७:३१ झाले होते आणि फोनवर अकरा मिस्ड कॉल. फोन लावला तर तो एवढंच म्हणाला, "सर, मुंबई गेलं."

सुदैवाने नाशिकच्या वॉचमनचा नंबर माझ्या खिशातल्या डायरीत होता. बाकीचे सगळे नंबर आउटलुकमध्ये, आणि माझं स्वतःचं खातंही त्याच ओयूत होतं.

"मामा, सर्व्हर रूम उघडा पटकन. काळं कपाट आहे ना, त्यातल्या सगळ्यात खालच्या डब्याच्या मागची निळी वायर काढा."

"सायेब, निळ्या तर पाच-सहा हायेत."

"सगळ्या काढा."

"बंद पडंल ना सगळं."

"पडू द्या मामा. काढा."

त्यांनी काढल्या. एकेक क्लिप सुटल्याचा 'टक' आवाज फोनवर ऐकू येत होता. मी घड्याळ बघितलं, ७:३८. रात्री लॉग उघडला तेव्हा कळलं की नाशिकच्या डीसीने शेवटचा फेरा ७:३० ला घेतला होता. म्हणजे मी ठाण्याला उतरलो तेव्हाच उशीर झालेला होता. त्याआधी वायर निघाली असती तर नाशिकच्या डीसीवर ते ओयू जिवंत राहिलं असतं, तीच प्रत खरी ठरवून उलट दिशेने अंधेरीला पाठवता आली असती आणि बॅकअपच्या टेपला हातही लावावा लागला नसता.

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क बसवलं, आपल्याकडे न्हावा शेव्याला त्यांच्या समूहाच्या टर्मिनलचं काम अडलं, तेव्हा मला हे ७:३८ पुन्हा आठवलं. त्यांचे दीडशेच्या आसपास डीसी गेले. वाचला एक, घानातला, कारण नेमकी तेव्हा तिथली वीज गेली होती. त्या एका डीसीवरून त्यांनी अख्खी डिरेक्टरी परत उभी केली. लोक ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगतात. मला त्यात एवढंच दिसतं की जी प्रत नेटवर्कपासून तुटलेली होती, तीच वाचली.

असो. मी साडेनऊला परत अंधेरीत पोहोचलो.

रिस्टोअर करायचं तर डीसी डिरेक्टरी सर्व्हिसेस रिस्टोअर मोडमध्ये चालू करावा लागतो, आणि त्या मोडचा पासवर्ड वेगळा असतो. तो व्हेंडरच्या ज्या इंजिनिअरने टाकला होता तो केव्हाच परदेशात गेलेला. हा पासवर्ड डीसी नेहमीसारखा चालू असताना एका कमांडने बदलता येतो, अर्ध्या मिनिटाचं काम. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. सर्व्हर बंद कर, चालू कर, पासवर्ड चालत नाही, पुन्हा बंद कर, असं करत दोन तास गेले.

मग टेप. रोज सकाळी बॅकअप यशस्वी झाल्याचा मेल यायचा आणि मी तो रोज बघायचो. खोटं बोलत नाही, खरंच बघायचो. पण मे महिन्यात सर्व्हरची डिस्क बदलल्यावर बॅकअपचं जॉब नव्याने बनवलं गेलं होतं आणि त्यात सिस्टिम स्टेटवर टिकच नव्हती. फाइल्सचा बॅकअप होत होता, डिरेक्टरीचा नाही. ते जॉब मी बनवलं होतं. ड्रॉवरमध्ये त्याआधीची एक टेप सापडली, ४१ दिवसांपूर्वीची.

आमचं डोमेन, म्हणजे ही डिरेक्टरी ज्यावर चालते ती व्यवस्था, मुळात विंडोज २००० च्या काळातली, त्यामुळे डिलीट झालेल्या नोंदीची खूण फक्त ६० दिवस राहायची. त्याहून जुना बॅकअप डिरेक्टरी स्वीकारत नाही. पुढे नव्याने बनवलेल्या डोमेनमध्ये ही मुदत १८० दिवस झाली, पण आमच्यासारख्या अपग्रेड होत आलेल्यांची आपोआप वाढली नाही. म्हणजे हीच चूक आणखी १९ दिवसांनी झाली असती तर "बॅकअप होता ना?" हा प्रश्नच उरला नसता.

नुसतं रिस्टोअर करूनही भागत नाही. शेजारच्या डीसीकडे डिलीटची नोंद ताजी असते, तो परत आलेली खाती पुन्हा पुसतो. म्हणून ऑथोरिटेटिव्ह रिस्टोअर, म्हणजे परत आणलेली प्रतच खरी असं बाकीच्या डीसींना सांगणं. त्यात बॅकअपनंतरच्या दर दिवसाला एक लाख या हिशोबाने नोंदींचा व्हर्जन नंबर वाढतो, आणि ज्याचा नंबर मोठा ती नोंद खरी धरली जाते. आमचा ४१ लाखांनी वाढला. पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी स्क्रीनवर एकेक नाव परत दिसू लागलं. पोरगा खाली जाऊन कटिंग घेऊन आला. चहा पिताना त्याचा हात थरथरत होता. मी त्याला म्हटलं, "झालं रे, सुटलो."

सुटलो नव्हतो.

शनिवारी सकाळी अकाउंट्समधल्या एक मॅडम खाली आमच्याकडे आल्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, कंपनीच्या पहिल्या शंभरातल्या. लॉगिन झालं, पण त्यांचं एकही फोल्डर उघडत नव्हतं. शेजारी बसणाऱ्या, सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या मुलाचं सगळं उघडत होतं. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अरे, मला काढलंय का? असेल तर सांग, मी काही बोलणार नाही."

त्या वर्षी कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज होती. त्या ती धरून बसल्या होत्या. मी "नाही हो मॅडम, सिस्टिमचा घोळ आहे" म्हटलं. त्यांनी मान डोलावली, पण पर्स खांद्यालाच ठेवून दुपारपर्यंत तशाच जागेवर बसून होत्या.

त्या दिवशी असाच सगळा जुना स्टाफ अडकला आणि नवे लोक कामाला लागले. कारण मला सोमवारी कळलं. २००६ पर्यंत आमचं फॉरेस्ट, म्हणजे डिरेक्टरीची सगळ्यात वरची चौकट, जुन्या लेव्हलवर, म्हणजे जुन्या विंडोजच्या नियमांवर होतं. तिथे गटाची सदस्ययादी ही एकच सलग नोंद असते. लेव्हल वाढवल्यावर प्रत्येक सदस्याची नोंद स्वतंत्र होते. त्यानंतर गटात घातलेली माणसं रिस्टोअरबरोबर गटात परत आली, आधीची आली नाहीत. म्हणून जितकी जास्त नोकरी, तितका तो माणूस डिरेक्टरीला अनोळखी.

हे कळायच्या आधी आम्ही शनिवार-रविवार हाताने गट भरले. प्रत्येक विभागाच्या साहेबांकडून कागदावर नावं लिहून घ्यायची आणि एकेक करून टाकायची. रविवारी रात्री अकराच्या सुमारास, जागा मोकळी करायची म्हणून मी रिस्टोअरचं फोल्डर उघडलं. त्यात एक लांबलचक नावाची फाईल होती, शेवटी 'एलडीएफ'. उघडून बघितली तर कोण कुठल्या गटात होतं त्याची पूर्ण यादी. ऑथोरिटेटिव्ह रिस्टोअर करताना सिस्टिम ती स्वतःहून बनवते, नेमक्या याच कामासाठी. एका कमांडने ती परत घालता येते. ती फाईल शनिवारी पहाटेपासून तिथेच पडून होती.

सोमवार गेला तो कॉम्प्युटरमध्ये. डोमेनमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरचाही पासवर्ड असतो, तो साधारण ३० दिवसांनी स्वतःच बदलतो, आणि यंत्र आताचा आणि त्याआधीचा असे दोन लक्षात ठेवतं. ४१ दिवसांत ज्यांनी एकदाच बदलला होता ती चालली. ज्यांनी दोनदा बदलला होता ती डोमेनला ओळखेनात. पावणेदोनशे मशीन होती. प्रत्येकापाशी जाऊन डोमेनमधून काढायचं आणि परत जोडायचं. शिवाय माणसांचे पासवर्डही ४१ दिवसांपूर्वीचे. कोणाला आठवणार?

लागले तीन दिवस ते असे.

लोक अजून म्हणतात, व्हीएमचा (व्हर्च्युअल मशीनचा) स्नॅपशॉट, म्हणजे आधी घेऊन ठेवलेली जशीच्या तशी प्रत, वापरून सर्व्हर मागे नेला असता तर? एक डीसी मागे नेऊन काही होत नाही, बाकीचे त्याला पुन्हा डिलीट पाठवतात. त्यात २०१२ च्या आधीच्या विंडोज सर्व्हरवर असा मागे नेलेला डीसी रेप्लिकेशनमधूनच तुटायचा. डिरेक्टरीचा रिसायकल बिन? विंडोज सर्व्हर २००८ आर२ मध्ये आला होता, आमचे सर्व्हर २००३ चे होते, आणि तो आधी चालू करून ठेवावा लागतो. अपघाती डिलीट अडवणारी टिक? आमचं ओयू ती येण्याआधीचं, नंतर कोणीतरी लावायला हवी होती. तो कोणीतरी मीच.

तेव्हाचा मी मात्र यातलं काही बोलायला तयार नव्हता. मंगळवारी मी रिपोर्ट लिहिला. 'कारण: ज्युनिअर इंजिनिअरकडून चुकीचे ओयू डिलीट. बॅकअप उपलब्ध होता. तो वापरून सेवा पूर्ववत करण्यात आली.' एकही वाक्य खोटं नाही. ४१ हा आकडा त्यात नाही, प्लॅटफॉर्म नाही, ती फाईलही नाही. मी स्वतःला समजावलं होतं की मॅनेजमेंटला तांत्रिक तपशील नको असतात, आणि डिलीटचं बटण खरोखर त्यानेच दाबलं होतं ना? आजही हा दुसरा मुद्दा मला पूर्ण सोडवत नाही. नाव वाचून बटण दाबायला हवं होतं. मी असतो तर वाचलं असतं, असं वाटतं. पण सिस्टिम स्टेटची टिक तरी मी कुठे वाचली होती?

सप्टेंबरात त्याचं कंत्राट वाढवलं नाही. "बॅकअप होता ना?" हा प्रश्न तुम्हाला सुचतो तो मुळात माझ्या त्या रिपोर्टमुळेच.

दोन वर्षांपूर्वी त्याचा नंबर मिळाला, फोन केला. ठाण्यातच असतो, चांगल्या नोकरीत आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी विचारलं, "त्या दिवशी तू मला नाव काय सांगितलं होतंस?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मी 'मुंबई-ओल्ड' म्हणालो असं सगळ्यांना सांगत आलोय. पण आता मला नक्की आठवत नाही."

हे ऐकून मला बरं वाटलं. दोन दिवस वाटत राहिलं, मग ते बरं वाटणंच सहन होईना. रिपोर्टबद्दल त्याने काही विचारलं नाही, आणि मीही त्याचा विषय काढला नाही.